अतिथीची तिथि

केस पिकले, अंगावर सुरकुत्या आल्या आणि नातवाचें मुख दृष्टीस पडलें, म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी, अशी मनूची आज्ञा आहे. हल्लींच्या आजोबांना नातवाचें मुख पाहण्याकरितांच विमानांत बसावें लागतें. वानप्रस्थ गेला आणि त्याच्या जागीं विमानप्रस्थ आला, असें कोणी थट्टेनें म्हटलें तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं. अक्षय्यतृतीया उलटली कीं मुंबई-पुण्याप्रमाणें आमच्या शहापूर-मुरबाडच्या बाजूच्या एखाद्या घरापुढेंहि मोटार उभी राहते. मेतकूट, गोडा मसाला आणि लोणच्याच्या बरण्या यांनीं फुगलेल्या दोन मोठ्या बॅगा तींत चढतात, आणि एक वृद्ध जोडपें विमानतळाच्या वाटेला लागतें. तें परत येतें तें नवरात्र-दिवाळीच्या सुमारास. हा परदेशांतील हंगामी मुक्काम आतां नवलाईचा राहिलेला नाहीं; म्हणूनच त्याच्या नियमांचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हंगामी मुक्काम ही गोष्ट आमच्या शेणव्याच्या परिसराला तशी नवी नाहीं. दिवाळी झाली, भाताची झोडणी आटोपली कीं येथील कातकरी कुटुंबें भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशीं आपल्या पाड्यावर परततात. त्यांचें तें जाणें हौसेचें नव्हे, पोटाचें असतें. तरी केव्हां निघावयाचें आणि केव्हां परतावयाचें हें त्यांना नेमकें ठाऊक असतें. ज्याला घरदार नाहीं अशा संन्याशालासुद्धां धर्मसूत्रकार गौतमानें पावसाळ्यांत एके ठिकाणीं स्थिर राहण्यास सांगितलें आहे. तात्पर्य, मुक्कामाला मर्यादा हवी ही जाणीव झोपडीपासून मठापर्यंत सर्वत्र आढळते. ती कोठें उणी पडत असेल तर ती आम्हां शिकल्यासवरल्या पेन्शनरांत.

याला कारणहि आहे. आमच्या पूर्वजांना परदेशगमनाचा नियम एकच ठाऊक होता, आणि तो म्हणजे जाऊं नये. बौधायनानें समुद्रप्रवास पातकांत गणला. पुढें कलिवर्ज्यांतहि त्याचा समावेश झाला. ज्यांचें बालपण आमच्या शेजारच्या कल्याणांत गेलें, त्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यासाठीं कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस निघाल्या, तेव्हां केवढें काहूर उठलें तें सर्वश्रुत आहे. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवीं एका अमेरिकन कुटुंबानें त्यांना आसरा दिला. त्याच न्यू जर्सींत आज गणपतीच्या आरत्या होतात आणि रविवारीं मराठी शाळा भरतात. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचें. अमेरिकेनें १९६५ सालीं आपला कायदा बदलल्यावर आमचे डॉक्टर व इंजिनियर तिकडे मोठ्या संख्येनें गेले, आणि १९८१ सालीं उत्तर अमेरिकेंत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालें. निषेध असा पार नाहींसा झाला. पण निषेधाच्या जागीं जो विवेक यावयास हवा होता, तो मात्र पुरता आलेला नाहीं.

गेल्या चैत्रांत आमचे एक जुने विद्यार्थी आमच्याकडे आले. तेहि आतां सेवानिवृत्त झाले आहेत. अमेरिकेंतील मुलाकडे जाण्याची त्यांची तयारी चालली होती. ते म्हणाले, “गुरुजी, वांद्र्याच्या कचेरींत जाऊन आलों. दोघांनाहि दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. आतां चिंता नाहीं. मन रमलें तर दोन वर्षें राहूं, नाहीं रमलें तर येऊं.”

आम्हीं विचारलें, “दहा वर्षें हा आंकडा कशाचा?”

“राहण्याचा.”

“नव्हे. दार ठोठावण्याचा.”

ते थोडे चपापले. परंतु हा समज त्यांचा एकट्याचा नाहीं. म्हणून तो येथें सविस्तर उलगडतों. व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाऊन आंत येण्याची परवानगी मागण्याचा अधिकार. दहा वर्षांच्या अवधींत तो कितीहि वेळां वापरतां येतो. पण आंत किती दिवस राहावयाचें, हें तेथील विमानतळावरील अधिकारी ठरवितो. पाहुण्याला तो बहुधा सहा महिने देतो; कमीहि देऊं शकतो. या मुदतीच्या नोंदीला आय-९४ असें नांव आहे. पूर्वी तिचा कागद पासपोर्टाला जोडून देत. विमानानें येणाऱ्यांची ही नोंद २०१३ सालापासून संगणकावर होते. कागद हातांत नसल्यामुळें ती तारीख पाहण्याचें अनेकांना सुचतच नाहीं. ती उतरल्याबरोबर मुलाकडून संगणकावर काढून घ्यावी आणि पासपोर्टांत ठेवावी.

आजारपण किंवा तसेंच कांहीं सबळ कारण असेल तर मुदत वाढवून मागतां येते. तो अर्ज पहिली मुदत संपण्यापूर्वीं करावा लागतो, आणि अर्ज करणें म्हणजे मुदत मिळणें नव्हे. मुदत उलटूनहि जो राहतो, त्याचा तो दहा वर्षांचा व्हिसा तत्क्षणीं निरुपयोगी होतो. १९९६ सालीं झालेल्या तेथील कायद्याप्रमाणें एकशेंऐंशी दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून जो बाहेर पडतो, त्याला तीन वर्षें प्रवेशबंदी होते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहिल्यास बंदी दहा वर्षांची. पंचाहत्तरीच्या आजीला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, याचें गणित मांडावयास शाळामास्तर नको.

इतर देशांच्या रीति निरनिराळ्या आहेत. इंग्लंडांत पाहुण्याचा व्हिसा दोन, पांच किंवा दहा वर्षांचाहि मिळतो. पण एका खेपेचा मुक्काम साधारणपणें सहा महिन्यांपलीकडे जातां कामा नये, आणि वरचेवर खेपा करून तेथेंच घर केल्यासारखें राहूं नये, असा तेथील नियम स्पष्ट शब्दांत आहे. जर्मनी, हॉलंड वगैरे शेंगेन संघांतील देशांत कोणत्याहि एकशेंऐंशी दिवसांत मिळून नव्वदच दिवस मिळतात. हे नव्वद दिवस सर्व देशांचे एकत्र मोजले जातात. मुलगा जर्मनींत व मुलगी हॉलंडांत म्हणून नव्वद दुणे एकशेंऐंशी होत नाहींत. आईबापांविषयीं अधिक उदार रीत कानडा देशाची. तेथें २०११ सालापासून आईबाप व आजीआजोबा यांच्यासाठीं ‘सुपर व्हिसा’ आहे, आणि जुलै २०२२ पासून एका खेपेस पांच वर्षांपर्यंत राहतां येतें. मात्र मुलाचें उत्पन्न ठराविक मर्यादेच्या वर असावें लागतें, वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, आणि निदान एक लक्ष कानडी डॉलरांचा आरोग्यविमा दाखवावा लागतो. ऑस्ट्रेलियानें २०१९ सालीं आईबापांसाठीं तीन किंवा पांच वर्षांचा तात्पुरता व्हिसा सुरू केला. त्यावर सर्व मिळून दहा वर्षें राहतां येतें, पण नोकरी करतां येत नाहीं.

या सर्व कलमांच्या मुळाशीं जी गोष्ट आहे, ती आम्हांस विशेष विचारार्ह वाटते. अमेरिकेचा कायदा पाहुणा म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला आरंभीं ‘हा येथेंच राहण्यास आलेला आहे’ असें गृहीत धरतो. आपण परत जाणार, हें पाहुण्यानें पटवून द्यावयाचें असतें. कशानें पटवावयाचें? गांवीं स्वतःचें घर आहे, पेन्शन चालू आहे, शेती आहे, भाऊ-भावजय आहेत, एक मुलगी येथेंच दिली आहे, यांनीं. आपण ज्यांना पायांतील बेड्या समजतों, त्याच तेथें आपली पत ठरतात. ज्याला परतण्यास ठिकाण आहे, त्यालाच पाहुणा म्हणून दार उघडतें. म्हणून “आतां इकडे काय राहिलें आहे?” असें म्हणून घर विकणाऱ्या, भांडींकुंडीं वाटून टाकणाऱ्या आणि पाहुण्याचा व्हिसा घेऊन निघणाऱ्या वृद्धांची आम्हांला काळजी वाटते. ते येथले राहत नाहींत, आणि तेथले होत नाहींत. मनूनें अतिथि शब्दाची जी फोड केली आहे, तींतहि हाच अर्थ आहे: ज्याचें राहणें नित्याचें नाहीं, तो अतिथि. नित्य राहूं लागला कीं तें नांव गळून पडलें.

कोणी विचारील, ज्यांना खरोखरच मुलाजवळ कायम राहावयाचें असेल त्यांनीं काय करावें? त्यांनीं सरळ कायम वास्तव्याचा मार्ग धरावा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक होऊन एकवीस वर्षांवरील असेल, तर आईबापांसाठीं ग्रीन कार्डाचा अर्ज करतां येतो, आणि त्यांना वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. परंतु तें कार्ड खरोखर तेथें राहणाऱ्यासाठीं आहे. तें घेऊन वर्षांतील बहुतेक काळ शेणव्यास आंबे राखीत बसणाऱ्यासाठीं नाहीं. आगाऊ परवाना न काढतां वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परत प्रवेश मिळणें दुर्घट होतें. इंग्लंडनें तर २०१२ सालापासून वृद्ध आईबापांना कायम नेण्याची वाट इतकी अरुंद केली आहे कीं तिच्या भरंवशावर कोणीं येथील घर मोडूं नये.

आतां इकडच्या नियमांकडे वळूं. आमच्यापैकीं पुष्कळांची पेन्शन कोषागारांतून येते. तिच्यासाठीं हयातीचा दाखला नोव्हेंबर महिन्यांत द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेमुळें तो संगणकद्वारें देण्याची सोय झाली, आणि २०२१ सालापासून फोनपुढें चेहरा धरूनहि देतां येतो. तरीहि शक्य तर दिवाळीच्या आधीं परतून तो येथेंच द्यावा, हें उत्तम. परदेशीं राहणें भागच असेल तर आपल्या कोषागाराला किंवा बँकेला तेथून पाठविलेला दाखला कसा चालतो, हें निघण्यापूर्वींच विचारून ठेवावें. मनुष्य जिवंत असून दाखल्याअभावीं पेन्शन थांबावी, यासारखी विचित्र अवस्था नाहीं.

दुसरी गोष्ट आयकराची. “सहा महिने बाहेर राहिलों, म्हणजे आम्ही अनिवासी झालों, आतां कर कसला?” असें म्हणणारे कांहीं महाभाग आम्हांला भेटले आहेत. एप्रिल ते मार्च या वर्षांत जो एकशेंब्यायशी दिवस किंवा अधिक येथें राहतो, तो निवासीच. शिवाय त्याहून कमी राहिला तरी, त्या वर्षांत साठ दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून तीनशेंपांसष्ट दिवस ज्याचे येथें भरले, तोहि सामान्यतः निवासी धरला जातो. जन्मभर येथेंच राहिलेल्या पेन्शनराचे हे दिवस सहज भरतात. मुलाकडे उन्हाळा काढल्यानें तो अनिवासी होत नाहीं.

तिसरी आणि सर्वांत जड गोष्ट दुखण्याची. येथील बहुतेक आरोग्यविमे देशाबाहेर चालत नाहींत, आणि अमेरिकेच्या वृद्धांसाठीं जी सरकारी मेडिकेअर योजना आहे, ती पाहुण्याला लागू नाहीं. तेथें इस्पितळांतील चार दिवसांचें बिल मुलाची कित्येक वर्षांची शिल्लक खाऊं शकतें. म्हणून प्रवाशाचा विमा घेतल्यावांचून पाऊल टाकूं नये. आणि घेतांना जुन्या दुखण्यांविषयीं काय लिहिलें आहे, हें स्वतः वाचावें. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार ही जुनीं दुखणीं पुष्कळ विम्यांतून वगळलेलीं असतात. कांहींत तीं अकस्मात उसळलीं तरच आणि ठराविक वयाच्या आंतच खर्च मिळतो. दुखणें लपवून विमा घेणें म्हणजे पावसाळ्यांत फाटकी छत्री घेऊन निघणें होय. औषधें पुरेशीं, मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीं.

येथवर सरकारांचे नियम झाले. यापुढचे नियम कोणत्याहि वकिलातींत मिळत नाहींत. ते घरानेंच घालून घ्यावयाचे असतात, आणि आमच्या मतें तेच अधिक कठीण.

सूनबाईचें किंवा लेकीचें बाळंतपण हें पुष्कळ खेपांचें निमित्त असतें. तें योग्यच आहे. आजीच्या हातचें तेलपाणी नातवाला मिळावें यासारखें भाग्य नाहीं. परंतु बाळंतपणाचे तीन महिने संपले, आई कामावर रुजू झाली, आणि सकाळीं आठ ते सायंकाळीं सहा आजी एकटी तान्ह्यासह बंद घरांत राहूं लागली, म्हणजे प्रेम आणि राबणूक यांमधील रेघ पुसट होऊं लागते. पाहुण्याच्या व्हिसावर मोल घेऊन काम करण्यास कायद्याची मनाई आहे. पण आईकडून मोलावांचून दिवसभर काम करून घेणें शोभत नाहीं, हें मुलांना कायद्यानें सांगावयाचें नसतें. पासष्ट वर्षांच्या स्त्रीला तेथें मोटार चालवितां येत नाहीं, अनेक ठिकाणीं पायीं जाण्याजोगें दुकान नसतें, आणि दुपारीं दार लोटून शेजारणीकडे ताक मागण्यास जाण्याची सोय नसते. तेव्हां आठवड्यांतून किती दिवस आजी मोकळी, हें तिकिट काढण्याआधीं ठरावें. आजोबांनींहि ‘मी काय करणार?’ असें म्हणून खुर्चींत बसूं नये. दुपटीं वाळत घालण्यास संस्कृत यावें लागत नाहीं.

आणि एक व्यक्ति अशी आहे, जिचा विचार या सगळ्या खटाटोपांत कोणीच करीत नाहीं. ती म्हणजे मागें राहिलेला धाकटा भाऊ व त्याची पत्नी. थोरले निघतात तें वैशाखांत. म्हणजे घराची शाकारणी, पेरणी, आवणी, पुढें गौरी-गणपति, पितृपक्ष हें सर्व धाकट्याच्या अंगावर पडतें. घरांत अंथरुणाला खिळलेली काकू असली तर तिचें औषधपाणीहि. थोरले दिवाळीला येतात, चॉकलेटांचे पुडे वाटतात, आणि कौलांतून पाणी कसें गळलें याची विचारपूस करतात. ज्या घराच्या बळावर आपल्याला परदेशीं प्रवेश मिळाला, तें घर ज्यानें सहा महिने उभें ठेवलें, त्याचा खर्चाचा वांटा उचलणें हें थोरल्याचें पहिलें कर्तव्य होय. निघण्यापूर्वीं दोघां भावांनीं बसून खर्चाची रक्कम, बँकेची व्यवस्था, गरज असेल तेथें कुलमुखत्यारपत्र, आणि यंदाचा गणपति कोणाच्या हातून, हें सर्व कागदावर लिहावें. भावाभावांत कागद कसला, असें म्हणूं नये. पुष्कळ घरें तोंडच्या बोलींवर विश्वासूनच दुभंगलेलीं आहेत.

आमच्या त्या विद्यार्थ्यांनीं हें सर्व ऐकून घेतलें आणि शेवटीं जरा खिन्न होऊन म्हणाले, “म्हणजे गुरुजी, पोटच्या मुलाच्या घरीं आम्ही पाहुणेच?”

प्रश्न खरा आहे, आणि त्याला गोड उत्तर देऊन आम्ही त्याची बोळवण केली नाहीं. होय, त्या देशाच्या दृष्टीनें पाहुणेच. मुलाच्या मनांत आपण कोण, हें मुलगा ठरवील. पण त्याच्या अंगणाचा धनी दुसरा आहे, आणि त्या धन्यानें आपल्याला दिवस मोजून दिले आहेत. ते दिवस कमी वाटतात, हें आम्हीं मानलें. नातू नुकता ‘आजी’ म्हणूं लागतो आणि बॅगा भराव्या लागतात. हें दुःख कोणत्याहि नियमानें टळणारें नाहीं. पण मुदत पाळून निघालेल्या आजीला पुढील वैशाखांत पुन्हा जातां येतें. मुदत मोडून राहिलेल्या आजीला नातवाची मुंज पडद्यावर पाहावी लागते.

तेव्हां यंदा जे वाचक निघणार असतील, त्यांनीं एवढें करावें. परतीचें तिकिट जातांनाच, मुदतीच्या निदान तीन आठवडे आधींचें काढावें. तेथें उतरल्या दिवशीं आपल्या मुदतीची तारीख पाहून ती त्या घरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहावी. आणि त्याच रात्रीं फोन करून इकडे धाकट्यालाहि कळवावी, म्हणजे तो ती देवघराजवळच्या कालनिर्णयावर लिहून ठेवील.